ट्रेन हायपेरियन एअर हँडलर: यंत्र उत्तम, पण आधी डक्ट मोजून घ्यावेत

नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे अनेक घरे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार ठेवण्याचे काम हीट पंप करतो. त्याच्या बाहेरच्या युनिटची निवड लोक बारकाईने करतात, पण आतला एअर हँडलर, म्हणजे पंखा आणि हवा थंड-गरम करणारी नळ्यांची कॉइल असलेली पेटी, बहुधा कंत्राटदार सुचवेल तोच घेतला जातो. प्रत्येक खोलीत येणारी हवा या पेटीतूनच जात असल्यामुळे ही निवडही तितक्याच काळजीने व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. आम्ही ट्रेन कंपनीच्या हायपेरियन मालिकेतील व्हेरिएबल स्पीड (पंख्याचा वेग बदलू शकणारा) एअर हँडलर घेतला आणि तो पोटमाळ्यावर आडवा बसवला.

त्याची पेटी खरोखर चांगली आहे. साध्या एअर हँडलरमध्ये काचतंतूंचे अस्तर हवेच्या वाटेतच असते आणि दमट हवामानात त्यात धूळ व बुरशी धरते. येथे फोमचे इन्सुलेशन भिंतीच्या आत बंद असल्याने आतील पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि पुसता येतो. कॉइल पूर्णपणे ॲल्युमिनियमची आहे. घरातील रंग, गोंद, स्वच्छतेची रसायने यांच्या वाफांमुळे तांब्याच्या पातळ नळ्यांना सूक्ष्म छिद्रे पडून शीतक वायू गळण्याचा जो धोका असतो, तो तिला नाही.

दमट उन्हाळ्यात पंख्याचा वेग कमी करता येणे फार मोलाचे ठरते. साधारण हिशेब थंड करण्याच्या क्षमतेच्या एका टनामागे ४०० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवेचा असतो. तो ३५०पर्यंत उतरवला की कॉइल अधिक थंड होते, हवेतील ओलावा जास्त निघतो आणि थर्मोस्टॅट फार खाली न नेताही घर सुखावह वाटते.

मात्र पंख्याच्या या मोटरकडून अरुंद डक्टचा, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मार्गांचा, दोष दूर होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. जुन्या पद्धतीच्या मोटरपुढे अडथळा आला की हवा कमी होते. ही मोटर ठरलेली हवा पुरवण्यासाठी वेग वाढवते, त्यामुळे वीज जास्त लागते आणि आवाजही वाढतो. म्हणून खरेदीपूर्वी स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवेला होणाऱ्या अडथळ्यामुळे येणारा दाब, मोजून घ्यावे. अनेक एअर हँडलर पाण्याच्या ०.५ इंच उंचीइतक्या दाबासाठी आखलेले असतात. मोजमाप त्याहून बरेच जास्त आले, तर आधी रिटर्नची (घरातील हवा यंत्राकडे परत ओढणारी) जाळी आणि डक्ट मोठे करावेत. दाट, एक इंची मर्व्ह १३ (बारीक धूळ अडवणाऱ्या दर्जाचा) फिल्टर हा दाब आणखी वाढवतो, त्यामुळे चार इंची फिल्टरसाठी जागा ठेवणे शहाणपणाचे आहे.

जुन्या यंत्रावरील टनांचा आकडा उतरवून दिलेले कोटेशन स्वीकारू नये. मॅन्युअल जे या प्रमाणित हिशेबाच्या पद्धतीने घराला लागणारा थंडाव्याचा आणि उष्णतेचा भार काढून मागावा. बाहेरचे युनिट आणि एअर हँडलर यांची जोडी एएचआरआय या उद्योगसंस्थेच्या प्रमाणित जोड्यांच्या यादीत आहे का, तेही पाहावे. २०२५पासून घरगुती नव्या यंत्रणा प्रामुख्याने आर-४५४बी किंवा आर-३२ या वायूंवर येत असल्यामुळे अर्धी जुनी, अर्धी नवी जोडणी करताना हे विशेष महत्त्वाचे आहे.

बाहेरचे युनिट एकाच वेगाचे असेल आणि डक्ट ऐसपैस असतील, तर स्थिर टॉर्कची (हवेचे प्रमाण नव्हे, फक्त फिरण्याचा जोर कायम ठेवणारी) स्वस्त मोटर असलेला एअर हँडलर पुरेसा आहे; जादा पैसे डक्टचे सांधे बंद करण्यावर खर्च करावेत. पोटमाळ्यावर बसवणाऱ्यांनी खाली गळणारे पाणी झेलणारा दुसरा ट्रे आणि पाणी साचताच यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच या दोन्ही गोष्टी कोटेशनमध्येच लिहून घ्याव्यात.