बिघाड झाकणात होता, बदलला कार्बोरेटर

माझ्या जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) चांगला होता. तरी तो काढून घेतला गेला, त्याच्या जागी नकली बसवला गेला आणि त्याचे पैसे मीच मोजून दिले. खरा बिघाड पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात होता. कार्बोरेटरवाली जुनी गाडी अजून चालवणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी सकाळी एका किकमध्ये चालू व्हायची, सात-आठ किलोमीटर छान पळायची. मग पिकअप जायचा, आचके बसायला लागायचे आणि ती बंद पडायची. चोक ओढला तर जरा पुढे सरकायची, बस. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. आणि टाकी फुल असली की हाच त्रास तीन-चार किलोमीटरवरच सुरू व्हायचा. ही शेवटची गोष्ट मी मेकॅनिकला दोनदा सांगितली होती. निदान तिथेच होतं, पण तेव्हा मलाही ते कळलं नाही.

त्याने गाडी उभ्या उभ्या दोनदा रेस केली, "कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, ठेवून जा" म्हणाला. संध्याकाळी गेलो तर हातात कार्बोरेटरची खालची वाटी. तळाशी पांढरी पूड धरलेली, कडेने वाळलेल्या पेट्रोलचा तपकिरी, चिकट थर. "साहेब, बघा तुमच्या गाडीची वाटी. आतून खाल्लाय सगळा. साफ करून आठ दिवस टिकणार नाही, नवीनच टाकू." ते पाहून मी घाबरलो आणि हो म्हणालो.

ट्रायलला निघताना त्याने झाकण उघडून टाकीत पेट्रोल किती आहे ते पाहिलं आणि एक लहान चक्कर मारून आणली. गाडी उत्तम चालली. पैसे दिले, घरी आलो.

तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली, तशीच, तेवढ्याच अंतरावर. पेट्रोल संपलं की काय म्हणून झाकणाला किल्ली लावली आणि झाकण सैल होताच आत हवा ओढली गेल्याचा 'सुस्स' असा आवाज आला. अगदी स्पष्ट. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती. थोड्या वेळाने किक मारली, गाडी चालू झाली. तिथेच रस्त्याच्या कडेला सगळा उलगडा झाला.

टाकीतून पेट्रोल खाली उतरतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. जितकं उतरेल तितकी हवा वरून आत यायला हवी आणि त्यासाठी झाकणात एक बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की टाकीत निर्वात तयार होतो, धार मंदावते, कार्बोरेटरची वाटी रिकामी होते आणि इंजिन उपाशी मरतं. थांबलं की फटीतून हळूहळू हवा शिरते, वाटी भरते, गाडी चालू होते. टाकी फुल असताना वर हवेला जागाच थोडी, म्हणून निर्वात लवकर होतो. माझं तीन-चार किलोमीटरचं कोडं एवढंच होतं. ट्रायलच्या आधी झाकण उघडलं गेलं होतं, त्यामुळे ती चक्कर बिनघोर पार पडली.

घरी येऊन खात्री केली. इंजिन थंड, जागा मोकळी, आसपास कुठेही जाळ नाही. वाटीच्या खालच्या ड्रेन स्क्रूच्या (वाटीतलं पेट्रोल काढायच्या स्क्रूच्या) नळीखाली काचेची बाटली धरली, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू केला आणि स्क्रू सैल केला. सुरुवातीला येतं ते वाटीतलं साठलेलं पेट्रोल, त्यावरून काहीच ठरवू नका. त्यानंतरची धार बघा. माझी धार बारीक होत होत थेंबांवर आली. झाकण उघडलं आणि बाटलीत पुन्हा सलग धार पडायला लागली. झाकण काढून त्याची वाट क्लिनर स्प्रे आणि हवेने साफ केली, तेव्हा मातकट चिखल बाहेर आला. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

नुसतं निदान चुकलं असतं तर मी काही लिहिलं नसतं. चूक कोणाचीही होते. पण त्याच बाटलीपाशी बसलेलो असताना मला ती दाखवलेली वाटी आठवली. माझ्या मूळ कार्बोरेटरच्या ड्रेन स्क्रूची खाच मीच कधीतरी चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने खराब केली होती. पितळेचा स्क्रू, एका बाजूने खाच पार झिजून गोल झालेली. मला दाखवलेल्या वाटीच्या स्क्रूची खाच धारदार होती, कोरी. आणि तसला चिकट थर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत धरतो, माझी गाडी तर रोज चालते. ती वाटी माझी नव्हतीच. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची वाटी माझी म्हणून दाखवली गेली, ही चूक नाही, ही फसवणूक आहे.

जुना कार्बोरेटर मागायला गेलो तर "भंगारात गेला" हे उत्तर मिळालं. स्क्रूबद्दल विचारलं तर तो उत्तर न देता दुसऱ्या गाडीकडे वळला. जुन्या गाड्यांचे मूळ कार्बोरेटर आता सहज मिळत नाहीत, म्हणून चांगल्या अवस्थेतल्या सुट्या कार्बोरेटरला गिऱ्हाईक असतं. तो भंगारात गेला यावर माझा विश्वास नाही.

म्हणून सांगतो, कार्बोरेटरला हात लावू देण्याआधी पेट्रोलच्या मागे टाकीपासून खाली या. झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉकची जाळी, फिल्टर आणि मुडपलेली नळी बघा. कॉकपर्यंत धार चांगली आणि वाटी मात्र भरत नाही, असं असेल तर फ्लोटची निडल (वाटीत पेट्रोल सोडणारी आणि थांबवणारी सुई) अडकलेली असू शकते. (काही गाड्यांचा कॉक इंजिनच्या ओढीवर उघडतो, तिथे इंजिन बंद असताना पेट्रोल येणारच नाही. तो बिघाड समजू नका.) बाटलीच्या तळाशी वेगळे गोळे दिसले तर ते पाणी, कारण ते पेट्रोलपेक्षा जड. वाटी भरते, तरी चोकशिवाय गाडी आयडलला (रेस न देता) टिकत नाही, असं असलं तर पायलट जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा तुकडा, बुजलेला असू शकतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. त्यात कोणी तार घालायला लागला तर हात धरा, भोक मोठं झालं की जेट गेला.

आणि पार्ट खोलायचा तर तुमच्यासमोर. आधी बॉडीवरच्या नंबरचा आणि एखाद्या ओळखीच्या ओरखड्याचा फोटो काढून ठेवा. जुना पार्ट परत पाहिजे, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. मी हे नंतर विचारलं.

नकली कार्बोरेटर अजून गाडीवरच आहे. झाकण साफ झाल्यावर गाडी बंद पडायची थांबली, पण अ‍ॅव्हरेज घसरलं आणि प्लग काजळीने काळा निघाला. मेन जेट (गाडी पळताना पेट्रोल देणारा) काढून पाहिला तर त्यावरचा नंबर माझ्या गाडीच्या पुस्तिकेतल्या नंबरपेक्षा मोठा, म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. योग्य नंबरचा जेट घातलाय, प्लग आता तपकिरी येतो. आयडल मात्र अजून डगमगतं. मूळ कार्बोरेटर शोधतोय. झिजलेल्या खाचेचा ड्रेन स्क्रू असलेला एखादा कुणाला विकत मिळाला असेल, तर तो कदाचित माझा आहे.