थर्टी-थर्टी लिव्हर रायफल: वर्षभराचा वापर आणि एका झडपेचं गाऱ्हाणं

माझ्या रायफलच्या लोडिंग गेटची, म्हणजे काडतुसं भरायच्या झडपेची, कड अंगठा कापते अशी तक्रार केली होती. कंपनीच्या सर्व्हिस विभागाकडून पुन्हा तेच उत्तर आलं: कड वापराने आपोआप गुळगुळीत होईल. होईल ना, माझ्या अंगठ्याच्या कातडीवर घासून होईल! फारच त्रास असेल तर रायफल पाठवा, तपासून सांगू, असंही लिहिलंय. पाठवायचा खर्च कोणाचा, यावर मौन. म्हणून म्हटलं, आता सविस्तर लिहूनच टाकू.

रायफलची माहिती थोडक्यात सांगतो. लिव्हर रायफल, म्हणजे चापाभोवतीचा दांडा (लिव्हर) हाताने खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची. वीस इंची नळी, बाजूने रिकामी पुंगळी फेकणारी, .३०-३० (थर्टी-थर्टी) मापाच्या काडतुसाची. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे. आम्ही राहतो पिट्सबर्गजवळ. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) रायफल चालत नाही, त्यामुळे इथे बोल्ट (मागचा खटका हाताने ओढायची) आणि लिव्हरवाल्यांची चलती आहे. मी स्वतः शिकार करत नाही, कागदावर गोळ्या मारतो. हे खूळ डोक्यात शिरलं ते पुतण्यामुळे. तो कोल्हापूरला एअर रायफल शिकतो, आणि नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणल्यापासून आमच्या घरात फोनवर दुसरा विषयच नाही. (एच-वनवाल्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना हे सगळं विचारतात. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसाची ही अट आड येत नाही.)

आता लोडिंग गेट. रिसीव्हरच्या (रायफलच्या मधल्या धातूच्या सांगाड्याच्या) उजव्या बाजूची स्प्रिंगची झडप, तिच्यातून एकेक काडतूस आत ढकलायचं. ही सोय १८६६ च्या विंचेस्टर रायफलवर आली, नेल्सन किंग नावाच्या माणसाची कल्पना. त्याआधीच्या हेन्री रायफलीत नळीखालची मॅगझिन (काडतुसं साठवायची नळी) पुढच्या टोकाकडून भरावी लागायची. म्हणजे झडप निघून दीडशेच्या वर वर्षं झाली, आणि हजार डॉलरच्या घरातली रायफल विकणाऱ्याला तिची कड बोथट करता येत नाही? काडतूस आत गेलं की झडप झटकन मिटते आणि अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी बरोबर तिच्या धारेखाली सापडते. एक डबा संपेपर्यंत बोट लालभडक. हातमोजा घालून काडतूस नीट ढकलता येत नाही.

रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी युक्ती सांगितली. काडतूस पूर्ण आत ढकलायचंच नाही. त्याची मागची कड झडपेतच अडकवून ठेवायची, म्हणजे झडप उघडी राहते; मग पुढच्या काडतुसाच्या नाकाने आधीचं ढकलायचं. अंगठा आत जातो तो फक्त शेवटच्या काडतुसाला. युक्ती उत्तम आहे, पण ती ग्राहकाला का लागावी?

गावातल्या गनस्मिथला (बंदुका दुरुस्त करणाऱ्याला) विचारलं तर त्याने झडप ‘ट्यून’ करायचे जे पैसे सांगितले त्यात माझी महिन्याभराची काडतुसं येतात. घरीच केलं. आधी रायफल रिकामी केली, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) डोळ्याने पाहिलं, बोट घालून पाहिलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली. झडप बाहेरच्या एकाच स्क्रूवर बसलेली असते. स्क्रूड्रायव्हर मात्र बंदुकीसाठीचाच, ज्याचं पातं टोकाला निमुळतं नसतं. साधा वापरला की स्क्रूची खाच गेलीच म्हणून समजा. झडपेच्या कडा आधी बारीक दगडावर, मग ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर तेल लावून घासल्या. स्प्रिंगला हात लावला नाही. कडेवरून नख फिरवत राहायचं, अडकायचं थांबलं की काम झालं. चहा गार होईस्तोवर उरकलं. एवढंच काम कारखान्यात होत नाही, यावर मी अजून चिडलेला आहे आणि चिडलेलाच राहणार.

दस्ता. लाकूड अक्रोडाचं, पण वरचं फिनिश म्हणजे मंगल कार्यालयातल्या खुर्चीची चकाकी. स्ट्रिपर (फिनिश काढायचं रसायन) लावून ते काढलं. खाली लाकूड इतकं देखणं निघालं की दोन दिवस नुसतं बघत बसलो. दस्त्याला एक चेप होता, तिथे ओलं सुती फडकं ठेवून इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले तंतू फुगून वर आले. इस्त्री बायकोची, त्यावर झालेला संवाद इथे लिहीत नाही. मग २२० आणि ३२० चा पेपर, पण जिथे लाकूड धातूला भिडतं तिथे अजिबात नाही, नाहीतर लाकूड धातूच्या खाली बसतं आणि ते जन्मभर दिसतं. वरून जवसाचं उकळलेलं तेल, बोटाने चोळून, एकदम पातळ थर. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कचऱ्यात टाकू नका. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आमच्या गॅरेजमध्ये लॉनमोअरचं पेट्रोल आहे, त्यामुळे या बाबतीत मी काटेकोर आहे.

लिव्हरला चामडं गुंडाळायचा किट घेतला होता. सुरुवातीला मी त्याच्यावर बेहद्द खूष होतो, भेटेल त्याला घ्या म्हणून सांगत होतो. हाताला मऊ, थंडीत लोखंड गार लागत नाही. ते मत आता मागे घेतो. इथला जुलै-ऑगस्ट दमट असतो. स्वच्छ करायला चामडं सोडवलं तर खाली ब्लूइंगवर (धातूवरच्या निळसर-काळ्या थरावर) तांबूस गंजाची रांगोळी. चामडं घाम धरून ठेवतं, दुसरं काय! बारीक स्टील वूल आणि तेलाने गंज निघाला, डाग राहिला. आता लिव्हर उघडी आहे आणि तशीच बरी आहे. मोठ्या कड्याच्या लिव्हरचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. जाड हातमोजे घालणाऱ्यांसाठी ठीक, बाकीच्यांसाठी ती सिनेमातली हौस.

पीप साइटचे (मागच्या खाचेऐवजी छोट्या भोकातून नेम धरायच्या साइटचे) पैसे मात्र वसूल. चाळिशी लागल्यापासून मागची खाच, पुढची साइट आणि निशाण, तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. पीपमध्ये मागच्या भोकाकडे बघायचंच नसतं, डोळा आपोआप मध्य गाठतो. रिसीव्हरवर छिद्रं कारखान्यातूनच पाडलेली येतात, फक्त ती बुजवणारे स्क्रू गोंदाने जाम असतात. सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवून गरम केले की सुटतात. बसवल्यावर गोळ्या ५० यार्डांवर चार इंच वर लागू लागल्या आणि पीप तळाला टेकलेली. अशा वेळी पुढची साइट उंच हवी. हिशेब सोपा: चुकीचे इंच गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर, सगळं इंचांत. माझं ४ गुणिले २५ भागिले १८००, म्हणजे साधारण ०.०५६ इंच. तेवढी जादा उंच साइट पितळी पंचने ठोकून बसवली आणि प्रश्न मिटला. स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) निम्म्याहून कमी खर्चात.

चाप, हॅमर, सेफ्टी, यातल्या कशालाही मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. चाप जड आहे, पुतण्या हसतो, हसू दे. तिथे दगड घासून हलका करायचे व्हिडिओ ढिगाने आहेत. झडप चुकली तर बोट कापतं, चाप चुकला तर नको तेव्हा गोळी सुटते. ते काम करायचं असेल तर गनस्मिथला पैसे द्या, तिथे मी कंजूषपणा करत नाही. नळी कापून छोटी करायची हौस असेल तर किमान १६ इंचांची कायदेशीर मर्यादा आधी वाचा.

टोकदार गोळ्या चालतील का, असं पुन्हा पुन्हा विचारलं जातं म्हणून: मॅगझिनच्या नळीत काडतुसं एकामागे एक असतात, एकाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाच्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टिकलीला) टेकलेलं. टोकदार नाक धक्क्याने ती टिकली उडवू शकतं. म्हणून चपट्या नाकाच्या गोळ्या, नाहीतर या रायफलींसाठीच बनवलेल्या मऊ रबरी टोकाच्या. मी १५० ग्रेन वजनाच्या चपट्या वापरतो, त्या स्वस्तही पडतात. आणि एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बाहेर येऊन नळी मागून साफ करता येते, ही या रायफलीची सर्वात मोठी जमेची बाजू. कंपनीने जाहिरातीत हे लिहायचं सोडून काउबॉयचे फोटो टाकलेत.

घ्यावी का? घ्या, पण दुकानातच झडपेत अंगठा घालून बघा आणि मगच पैसे मोजा. माझी मूळची मागची साइट डब्यात पडून आहे, कोरी करकरीत. कुणाला हवी असेल तर टपालखर्च देऊन घेऊन जा. फक्त अमेरिकेत, भारतात पाठवणार नाही, कस्टमच्या भानगडी मला नकोत.