एकवीस किलोमीटरसाठी जेल घ्यावं की लिंबू-साखरेचं पाणी?

पहिल्यांदाच अर्ध मॅरेथॉन धावणाऱ्या मैत्रिणी बडोद्याच्या सयाजीबागेत भेटल्या की हमखास विचारतात, जेलची पाकिटं आणू की घरचं काही चालेल? जेल म्हणजे धावताना चोखायचा साखरेचा घट्ट पाक. दोन-सव्वादोन तासांत अंतर संपवणार असाल तर खुशाल घरचं घ्या. फक्त घरचं म्हणजे डब्यात सापडेल ते नव्हे.

आधी हिशेब बघा. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या बाईला एकवीस किलोमीटरला बाराशे-साडेबाराशे. स्नायूंत तीनशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर असते, एका ग्रॅमच्या चार कॅलरी, शिवाय काही भार चरबी उचलते. म्हणजे साठा पुरायला हवा. तरी पंधराव्या किलोमीटरला डोकं गरगरतं, कारण पायातली साखर पायातच खर्च होते. स्नायू ती रक्तात सोडू शकत नाहीत. मेंदूला साखर पुरवतं ते यकृत, आणि त्याच्याजवळ शंभरेक ग्रॅमच असते. त्यातलीही बरीचशी रात्रभराच्या उपवासात सरलेली. म्हणून पहाटे नुसत्या चहावर निघू नका. तासभर आधी एक केळं आणि गूळ लावलेली अर्धी पोळी एवढं मला पुरतं.

ही गोष्ट जुनी आहे. १९२४ साली बॉस्टन मॅरेथॉन संपल्यावर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गळून गेलेल्यांची साखर फार खाली उतरलेली निघाली. पुढच्या वर्षी धावतानाच गोळ्या-चॉकलेटं खायला दिली आणि फरक दिसला. तेव्हा जेल कुठे होतं!

आता वाटेतलं. तासाभरापेक्षा जास्त धावणार असाल तर ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. जेलच्या एका पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम असतात. अर्ध्या लिटर पाण्यात साखरेचे सपाट सात छोटे चमचे, दोन चिमटी मीठ, अर्धं लिंबू घातलं की साधारण तीस ग्रॅम होतात. शिवाय साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात. आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे एकाच दारावर गर्दी होत नाही. महागड्या जेलच्या पाकिटावर हेच ठळक छापलेलं असतं. एका जेलच्या पैशांत डझनभर केळी येतात, तेही लक्षात घ्या.

जेलची खरी सोय म्हणजे ते खिशात मावतं. बाटली कमरेला हिंदकळते, पट्टा घासून कातडी सोलते, हे मी सोसलंय. पण जेल पाण्याशिवाय घेऊ नका. मी एकदा पाण्याचं टेबल यायच्या आधीच पाकीट फोडलं. घट्ट पाक पोटात बसला, कळ उठली, आणि पुढचे दोन किलोमीटर चालत गेले. आधी तीन-चार रविवारी तेच घेऊन धावा, पोटालाही सराव लागतो. काही जेलांत कॅफिन असतं, तेव्हा छातीत धडधडत असेल तर पाकिटावरचं वाचून घ्या.

शेंगदाण्याची चिक्की मात्र नको. उत्तरायणच्या सुमारास दांडिया बाजारातल्या घराघरांत ती असतेच, म्हणून सांगते. शेंगदाण्यातली चरबी पोटात रेंगाळते, आणि धापा टाकताना कण घशात गेला की खोकल्याची उबळ थांबत नाही. खजूर बरा, बी काढून, तुकडे करून. ओआरएसची पुडी जुलाबासाठी उत्तम. लिटरमागे त्यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच, तिच्यावर धावण्याचं इंधन भागणार नाही.

आमच्या आजोबांची पिढी जुम्मादादा व्यायाम मंदिरात घाम गाळून घरी आल्यावर बदाम-दूध प्यायची. ते व्यायामानंतरचं, आणि तिथे ते योग्यच. धावण्याच्या आधी तेच दूध प्यालात तर पोटात डुचमळत राहील.

पूर्ण बेचाळीस धावणार असाल तर माझा कौल फिरतो. चार-पाच तास, ताशी साठ ग्रॅमच्या वर. एवढं सरबत कोण वाहणार? तिथे जेल घ्याच, बरोबर पाणी. आणि इन्सुलिन घेत असाल तर यातलं काहीही ठरवण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.