पेव्हर ब्लॉकचं काम, खालचा बेस एक नंबर, कडेला मात्र घोळ

सांगलीत घरापुढचं अंगण आणि गेटपासून पोर्चपर्यंत गाडीचा रस्ता, दोन्हीकडे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. एक पावसाळा काढला म्हणून आता लिहितोय, कॉन्ट्रॅक्टरचं नाव मुद्दाम देत नाही.

आमच्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे वरचा ब्लॉक कितीही भारी घ्या, खाली नीट नसेल तर चाकाच्या जागी खड्डे पडणारच. ह्या लोकांनी फूटभर माती उकरून बाहेर काढली, मुरूम टाकून पाणी मारत थराथराने रोलर फिरवला, मग खडी आणि वर दीड-दोन इंच कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा. कच लेव्हल करताना दोन बाजूला पाइप ठेवून वरून पट्टी ओढायचे आणि ओढून झालेल्या भागावर कुणाला पाय ठेवू देत नव्हते, आईला तुळशीला पाणी घालायला पण लांबून फळी टाकून दिली! उतार पण रस्त्याकडे बरोबर काढलाय, पाणी कुठंच साचत नाही.

ब्लॉक अंगणात 60 एमएम आणि गाडीला 80 एमएम झिगझॅग. नुसत्या कारला 60 पण चालतो, पण उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा टँकर आत येतो म्हणून 80 घेतला. रबर मोल्डचे चकचकीत ब्लॉक दिसायला झकास असतात पण ओले झाले की पाय सटकतो, म्हणून मशीनवर दाबलेले खरखरीतच घेतले.

आता घोळ. गेटकडच्या कडेला कर्ब, म्हणजे ब्लॉक सरकू नयेत म्हणून लावतात तो कडेचा ठोकळा, काँक्रीटमध्ये पक्का बसवायला पाहिजे होता, ह्यांनी नुसता सिमेंट-वाळूचा माल लावून उभा केला. टँकर वळला की तो हळूहळू बाहेर सरकला आणि मागची रांग सुटली, आता फटीत बोट जातंय. भिंतीजवळचे अर्धे ब्लॉक कटरने कापायचे सोडून छन्नीने फोडलेत आणि उरलेली जागा सिमेंटने लिंपलीय, तिथं आत्ताच तडे. फोन केला की "उद्या माणूस पाठवतो साहेब", तो उद्या काय उजाडत नाही.

रेट स्क्वेअर फुटावर ठरवताना खोदाई, मुरूम, कर्ब, कटिंग ह्यातलं काय धरलंय ते कागदावर घ्या, आमचं खोदाईचं बिल वेगळं आलं. मागच्या अंगणाला परत ह्यांनाच बोलवीन, बेस असा करणारे मिळत नाहीत, पण कर्बचं काँक्रीट डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेवटचे पैसे सोडणार नाही.