चेंडूच्या टप्प्यांसाठी 'फायफॉक्स' ॲप: वापरून कसं आहे?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना टप्प्यांचं गणित शिकवायला जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं हे मोफत ॲप फार उपयोगी आहे. फोन फरशीवर ठेवा, शेजारी टेनिस बॉल १ मीटरवरून नुसता सोडा; ढकलू नका. माईक टप्प्यांचे आवाज टिपतो. दोन टप्प्यांमधल्या वेळेचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८, ही झाली उसळीची उंची. वेळ ०.६७ सेकंद आली तर उंची सुमारे ५५ सेंमी, पुढची ०.५० आली तर साधारण ३०.

शहाबादी फरशीवर आकडे छान येतात. सारवलेल्या जमिनीवर 'टप्प' इतका दबका येतो, की थ्रेशोल्ड (किती मोठा आवाज टप्पा धरायचा ती मर्यादा) खाली आणावा लागतो. मग कौलांवरचा पाऊससुद्धा टप्पा म्हणून मोजला जातो! खानापुरात हा प्रयोग पावसाळ्यात नकोच.

एक खरी उणीव: सोडलेली उंची ॲप मोजत नाही, पहिल्या टप्प्यालाही दुसऱ्याइतकेच टक्के ऊर्जा गेली असं धरून काढतं. जोरात आपटलेला टेनिस बॉल जास्त दबतो, जास्त ऊर्जा गमावतो. म्हणून हा आकडा टेपपेक्षा थोडा कमी दिसतो. टेप लावाच.