९५ ऑक्टेन की साधं? घरच्या गाडीत दोन्ही भरून बघितल्यावर

बेळगावात बंकवर (पेट्रोल पंपावर) गाडी लावली की पोरगं काचेपाशी येऊन विचारतं, "सर, पॉवर हाक्ला, सादा हाक्ला?" ('पॉवर' म्हणजे ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल, 'हाक्ला' म्हणजे भरू का.) महामार्गावरच्या एका बंकवर तर न विचारताच महागडं भरलं आणि वर "गाडीला चांगलं असतंय" म्हणून ऐकवलं. तेव्हा लिटरमागं सात-आठ रुपयांचा फरक होता. टाकी फुल्ल केली की दोन-अडीचशे रुपये जास्त जायचे. म्हटलं, एवढे पैसे जाणार असतील तर नीट बघूनच घालवू. काही महिने फक्त ९५ वालं भरलं, मग तितकेच महिने साधं. त्याचा हा हिशेब.

गाडी १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, २०२३ नंतरची, म्हणजे ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) चालणारी. रोजचं टिळकवाडी ते उद्यमबाग, अधूनमधून कोल्हापूर, आणि सासुरवाडी गोव्यात डिचोलीला असल्यामुळं चोर्ला घाट ठरलेला.

आधी ऑक्टेनचं. पेट्रोलचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला स्टिकर असतो. आमच्या गाडीवर ९१ लिहिलंय. हा आकडा ताकदीचा नव्हे, पेट्रोल किती दाब सोसतं त्याचा. सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडली की आग एका टोकाकडून पसरत जाते. पेट्रोल हलकं असेल तर आग पोचायच्या आधीच पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं, आणि इंजिनातून टिकटिक, खडखड ऐकू येते. गॅरेजवाले त्याला 'गाडी नॉक मारते' म्हणतात. ऑक्टेन जितकं जास्त तितकं पेट्रोल या आपोआप पेटण्याला दाद देत नाही. बस, एवढंच काम. ९१ वर न खडखडणाऱ्या इंजिनात ९५ घातलं म्हणून ते जास्त ओढणार नाही.

आता मजेची गोष्ट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलं की २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळं साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेलंय. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं, त्यामुळं हे पटण्यासारखं आहे. मग साध्या नळीतच ९५ येत असेल, तर '९५' ची पाटी लावलेल्या नळीला जास्त पैसे कशाचे द्यायचे? त्यात इंजिन आतून साफ ठेवणारं औषध जादा असतं, हे खरं. पण ते औषधाचे पैसे झाले, ऑक्टेनचे नव्हेत.

आमच्याकडं बहुतेक लोक ९५ कडं वळले ते वेगळ्याच कारणानं. ई-२० आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं, ही तक्रार वडगावपासून निपाणीपर्यंत सगळीकडं आहे. कुणीतरी सांगतं, "पॉवर घाल, अ‍ॅव्हरेज परत येतंय." येत नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज उतरतं. ९५ च्या नळीतही इथेनॉल असतंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्यांना १ ते २ टक्के घट धरली होती. यात गंमत अशी की चिकोडी-रायबागकडचा ऊस कारखान्यात जाऊन त्याचंच इथेनॉल होतंय, आणि अ‍ॅव्हरेजवरून सगळ्यात जास्त शिव्या घालणारे आमचे पाहुणे ऊसवालेच!

माझं मोजमाप साधं होतं. एकाच बंकवर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत फुल्ल, पुढच्या फुल्लला भागाकार. गावात तेरा-चौदा, कोल्हापूर रस्त्याला अठराच्या आसपास. ९५ चे महिने आणि साध्याचे महिने शेजारी ठेवून बघितले तर कुठले कशाचे ते ओळखता येत नाही. टिळकवाडीच्या रेल्वे गेटला एसी लावून उभं राहिलं की यापेक्षा मोठा खड्डा पडतो. टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघायला लागलो, तो फरक मात्र वहीत दिसला.

घाटात? डिचोलीहून परत येताना पाच माणसं, डिकीत नारळ आणि फणस, एसी चालू, मे महिन्याचं ऊन. तिसऱ्या गिअरवर मुद्दाम इंजिन दाबून बघितलं, कान लावून. दोन्ही पेट्रोलवर टिकटिक नाही. दुसऱ्यावर टाकली की दोन्ही वेळा सारखीच चढते. हल्लीच्या इंजिनात नॉक ओळखणारा सेन्सर असतो, तो ठिणगीची वेळ मागं ओढतो. त्यामुळं आवाज येत नाही पण ताकद थोडी जाते, हे मान्य. तेवढी गेलेली मला तरी जाणवली नाही. त्यात बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर. उंचीवर हवा विरळ, आणि बिनटर्बोच्या इंजिनाला ऑक्टेन उलट कमीच लागतं.

दाजींची गाडी टर्बो आहे, तिथं गोष्ट थोडी वेगळी. टर्बो हवा कोंबतो, दाब वाढतो, आणि काही कंपन्या पुस्तिकेत किमान ९१ लिहून ९५ ची शिफारस करतात. दाजी ठामपणे म्हणतात की ९५ वर गाडी हलकी वाटते. मी म्हटलं, "दाजी, टाकीत काय आहे ते न सांगता चावी द्या." वंटमुरीचा चढ चढून आलो, मला सांगता आलं नाही. चोर्ल्यात भर उन्हात किंचित फरक असेल असं वाटलं, पण पैज लावणार नाही. त्यांनी भरावं, पुस्तिकाच तसं सांगत असेल तर माझी हरकत नाही.

शेजारच्या काकांची पंधरा वर्षं जुनी गाडी मात्र खरोखर खडखडते. महागडं पेट्रोल भरून आवाज कमी झाला, गेला नाही. आत कार्बन साचला की जागा कमी होऊन दाब वाढतो. उद्यमबागेतल्या फिटरनं प्लग बदलून सफाई करून दिल्यावर गाडी साध्यावर शांत झाली.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून '८७' शोधणाऱ्यांसाठी: त्यांची मोजायची पद्धत निराळी, त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१.

ऑक्टेनपेक्षा मी आता बंक बघून भरतो. इथेनॉल पाणी ओढतं, आणि टाकीत पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ज्या बंकवर खप जास्त, तिथला माल ताजा. लहान गावात महागड्या पेट्रोलला गिऱ्हाईक कमी, टाकीत ते किती दिवस पडून असेल कुणास ठाऊक. गोव्याला जाणारे तिथल्या साखळी गावात स्वस्त म्हणून भरतात, तसं मीही भरतो, पण साधंच.

सध्या आमच्या गाडीत आणि आईच्या स्कूटरमध्ये साधं. सर्व्हिसिंगच्या आधी एखादी टाकी औषधवाल्या पेट्रोलची भरायची का, यावर घरात अजून एकमत नाही.