मुंबईत ब्रॉडबँड सिस्मोग्राफ, वर्षभर वापरल्यानंतर

हा सिस्मोग्राफ, म्हणजे भूकंपाच्या लाटा नोंदवणारं यंत्र, आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर जानेवारी 2025 मध्ये बसवला. ब्रॉडबँड म्हणजे जलद आणि संथ दोन्ही लाटा पकडणारा, एका हेलकाव्याला 120 सेकंद लागतात इथपर्यंतच्या, तीन दिशांचा सेन्सर. आधी साडेचार हर्ट्झचा जिओफोन (फक्त जलद कंपनं नीट पकडणारा साधा सेन्सर) होता, त्यावर जवळचे धक्के दिसायचे पण लांबचं काही नीट कळायचं नाही.

28 मार्चला म्यानमारचा 7.7 चा भूकंप झाला, आपल्याकडे सकाळचे 11:50. पाचेक मिनिटांत पी लाट (सगळ्यात वेगवान, पहिली पोचणारी) स्क्रीनवर आली, मग तिच्यापेक्षा हळू एस, आणि त्यानंतर सरफेस वेव्हज, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा, इतक्या मोठ्या की पोरं जागेवरून उठून उभी राहिली. पायाखाली काहीच जाणवत नव्हतं आणि समोर जमीन हलताना दिसत होती, तेव्हा पैसे वसूल झाले असं मनापासून वाटलं.

पण जागेबद्दल स्पष्टच सांगतो, आम्ही चुकलो. रेल्वे लाईन जवळ आहे. डहाणू-पालघरचे छोटे धक्के (2018 च्या नोव्हेंबरपासून तिकडे सुरू झालेले) बघायला 1 ते 10 हर्ट्झचा फिल्टर लावावा लागतो आणि लोकलचा आवाजही बरोब्बर तिथेच. रात्री लोकल बंद असतात तेवढ्या वेळात ट्रेस (स्क्रीनवरची नोंदीची रेघ) स्वच्छ, तेव्हा एक धक्का मस्त मिळाला, एस आणि पी पोचण्यातला फरक 13 सेकंद, दर सेकंदाला ढोबळ 8 किलोमीटर धरून गुणिले 8 म्हणजे साधारण 104 किलोमीटर. दिवसा ऑटो ट्रिगर (धक्का आपोआप ओळखणारी सोय) नुसता गाड्या मोजतो. आणि एका स्टेशनवरून फक्त अंतर भरवशाने कळतं, नेमकी जागा ठरवायला किमान तीन लागतातच.

पावसाळ्यात समुद्र खवळला की पाच-सात सेकंदांच्या लाटांनी ट्रेस जाडजूड होतो. घाबरू नका, मशीन बिघडलेलं नसतं. 30 जुलैला पहाटे कामचाटकाचा 8.8 आला तेव्हा हाच गोंगाट चालू होता, तरी 20 सेकंदांच्या वरचा भाग वेगळा काढला तर सगळं लख्ख दिसलं, जिओफोनवर हे जमलंच नसतं.

देखभाल म्हणाल तर उन्हाळ्यात तापमान बदललं की मास (सेन्सरच्या आतलं हलतं वजन) सेंटरवरून सरकतो, थर्माकोलचा डबा उलटा घातल्यावर बराच फरक पडला. मशीनचं घड्याळ जीपीएसवरून जुळतं, त्याची वायर मात्र सप्लायरने आखूड दिली, अँटेना खिडकीत ठेवला आणि आठवडाभर वेळ भरकटत राहिली, तो सगळा डेटा आगमनवेळांसाठी फुकट गेला. अँटेना गच्चीवरच हवा, वायर ऑर्डर करतानाच मोजून घ्या.

घेणार असाल तर आधी आठवडाभर जुना जिओफोन त्याच जागी ठेवून दिवस-रात्रीचा आवाज बघा. आम्ही आता रुळांपासून लांब, उघड्या बेसाल्टवर खोली शोधतोय.